विमापत्र वाचून घ्यावें

जमीन घेतांना सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना पाहिल्यावांचून आपण इसार देत नाहीं. आरोग्यविमा मात्र पुष्कळजण नुसता हप्ता पाहून घेतात, हें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. शेतकऱ्याच्या पाठीशीं मालक नसतो. घरांतील मोठें दुखणें अखेर जमिनीवरच बोजा चढवितें. याकरितां दोन कलमें आधीं पाहावीं. जुन्या आजारास किती महिने थांबावें लागेल? १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत ३६ महिन्यांहून अधिक ठेवतां येत नाहीं. पण आजार लपविल्यास दावा बुडण्याचें भय आहे. दुसरें, रुग्णालयांतील खोलीभाड्यास मर्यादा आहे काय? ती ओलांडल्यास इतर खर्चांतही त्या प्रमाणांत कपात होऊं शकते. नवें विमापत्र न पटल्यास ३० दिवसांत परत करतां येतें. तेवढ्या अवधींत तें घरांत सर्वांसमक्ष वाचावें.