वजा टक्क्यांचा इतिहास कोणी लिहायचा?

उन्हाळ्यात करमाळ्याच्या बाजूला, कुगाव, वांगी, केत्तूरला कुणालाही विचारा, 'उजनीत किती?' उत्तर टक्क्यांत येतं आणि पुष्कळदा ते वजा असतं. धरण ११७ टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पाणी त्याखाली उतरलं की आकडा उणे होतो. 'वजा तीस' म्हणतात तेव्हा धरणात चाळीसहून जास्त टीएमसी पाणी असतं. आकड्यामागे कुणाचा तरी निर्णय असतो, हे या काठाला शिकवावं लागत नाही.

विद्यापीठांना मात्र ते शिकवावं लागेल. संगणनाचा इतिहास म्हटलं की आपल्याकडे यंत्रांची यादी निघते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं, १९६० साली सुरू झालेलं टिफ्रॅक. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१चा परम. झाला इतिहास! त्यात माणूस आलाच तर तो संचालक असतो.

हा विषय गंभीरपणे करणारा रॉस बॅसेट अमेरिकेतला. आधी आयबीएममध्ये इंजिनिअर, मग इतिहासाचा प्राध्यापक. त्याच्या 'द टेक्नॉलॉजिकल इंडियन' (२०१६) या पुस्तकात सुरुवातीलाच पुण्याचे 'केसरी' आणि 'मराठा' येतात. टिळकांच्या वर्तमानपत्रांपासून एमआयटीत शिकलेल्या भारतीयांपर्यंतचा धागा त्यानं जुळवला. मराठी अंक आपल्या दारात, आणि ते या प्रश्नासाठी चाळायला माणूस नॉर्थ कॅरोलिनातून यावा लागला. त्याला यंत्र सोडून इतिहासाकडे वळता आलं, कारण वळल्यावर नोकरी होती. आपल्याकडे नेटच्या यादीत 'इतिहास' आहे, 'कॉम्प्युटर सायन्स' आहे. या दोहोंमध्ये उभं राहणाऱ्याला खुर्ची नाही. इतिहासवाले म्हणतात हे तांत्रिक, इंजिनिअरिंगवाले म्हणतात ही गोष्टीची वही. मार्गदर्शकच मिळत नाही, मग मुलगी बँकेच्या परीक्षेला बसते.

पण बॅसेटवरही माझी तक्रार आहे. त्यानं वर गेलेल्यांचा माग काढला. उजनीच्या काठावर संगणक अमेरिकेहून परतलेल्या कुणाबरोबर आला नाही, तो सातबाऱ्यावरून आला. धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमेकाठच्या जमिनी पाण्यात गेल्या, बदल्यात दुसरीकडे जमिनी दिल्या गेल्या, आणि लाभक्षेत्रातल्या कित्येक उताऱ्यांवर 'इतर हक्का'त 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा बसला. या एका ओळीमुळे खरेदीविक्री अडते. पुढे हाताने लिहिलेले उतारे संगणकात चढवले गेले. चढवताना कुठे आणेवारी चुकली, कुठे बहिणीचं नाव गळलं, कुठे रद्द झालेला शेरा पुन्हा उगवला. म्हणून तर २०१७ साली गावोगाव चावडी वाचन करावं लागलं, आणि लेखनप्रमादासाठी महसूल संहितेच्या कलम १५५चे अर्ज आजही पडतात. १ मे २०१८ला डिजिटल सहीचा सातबारा आला, १५ ऑगस्ट २०२१ला ई-पीक पाहणी. आता शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून, रेंज शोधत, आपलं पीक नोंदवतो. तलाठ्याचं काम त्याच्या अंगावर आलं, पगार सोडून.

संगणनाचा इतिहास याहून वेगळा काय असतो? सॉफ्टवेअरमध्ये कोणता रकाना ठेवला, कोणता वगळला. सामाईक खात्याचं क्षेत्र कसं फोडलं. अर्धवट पुसलेली शाई कोणी आणि काय म्हणून वाचली. यावर दहा प्रबंध व्हायला हवेत. त्यासाठी मोडी यायला हवी, महसूल कायदा कळायला हवा, डेटाबेस उघडता यायला हवा आणि पुनर्वसित गावठाणात म्हाताऱ्यांशेजारी दुपारभर बसता यायला हवं. इतकं सगळं जमणाऱ्या पोरांना आपण 'तुमचा विषय नक्की कोणता?' असं विचारून परत पाठवतो.

'साधनं कुठे आहेत?' हा ठरलेला आक्षेप. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, त्याचे फोटो काढायला मोटारींची रांग लागते. साधनं तहसीलच्या अभिलेख कक्षात आहेत, चुकीच्या दुरुस्तीसह. आणि ते उतारे रात्री जागून ज्यांनी टाइप केले, त्यातले बरेच तलाठी अजून पेन्शन घेताहेत. त्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही.