जूनमधला हिरो

दोस्तांनो, फुटबॉलचे संघ पाडताना गोलीला कोण उभं राहतं? ज्याला पळायचा कंटाळा तो, नाहीतर जो सगळ्यात उशिरा आला तो! गोल मारणाऱ्याला टाळ्या आणि गोल खाणाऱ्याला शिव्या. आज अशाच एका गोलरक्षकाची गोष्ट सांगतो.

व्लादिमिर स्टोयकोविच. जन्म २८ जुलै १९८३, सर्बियातल्या लोझ्निका गावचा. याचा धाकटा भाऊही गोलरक्षकच, बरं का! सर्बियाची राजधानी बेलग्रेड. तिथे दोन मोठे क्लब, रेड स्टार आणि पार्टिझान. मैदानं एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ, पण समर्थकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर. २००६ साली रेड स्टारनं लीग आणि कप दोन्ही जिंकले, तेव्हा त्यांच्या गोलमध्ये होता स्टोयकोविच.

मग परदेश. फ्रान्सचा नाँत, हॉलंडचा व्हिटेस, पोर्तुगालचा स्पोर्टिंग. पण बस्तान कुठेच नीट बसेना. ऑगस्ट २००७ मध्ये पोर्टोविरुद्ध तर फजितीच झाली. आपल्याच खेळाडूनं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही, असा १९९२ पासूनचा नियम आहे. पंचांनी तोच नियम त्याला लावला. पोर्टोला गोलच्या तोंडाशी फ्री किक मिळाली, तिच्यावर गोल झाला आणि स्पोर्टिंग १-० नं हरलं. पुढे उसनवारीवर स्पेनचा हेताफे, इंग्लंडचा विगन. तिथेही सामने मोजकेच मिळाले.

अशा गोलीला २०१० च्या विश्वचषकात उभं केलं. १८ जून, दक्षिण आफ्रिकेतलं पोर्ट एलिझाबेथ, समोर जर्मनी. ३७ व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोजला लाल कार्ड, आणि पुढच्याच मिनिटाला योवानोविचचा गोल! सर्बिया १-०. मध्यंतरानंतर सर्बियाच्या विदिचच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी! मारायला आला पोडोल्स्की. अकरा मीटरवरून मारलेला चेंडू डोळ्याची पापणी लवेतो गोलमध्ये जातो. स्टोयकोविच झेपावला आणि तो अडवला! शेवटपर्यंत १-० च राहिलं. सर्बिया पुढच्या फेरीत गेला नाही, पण जर्मनीला हरवलं ते हरवलंच.

आता ऐका. विश्वचषकानंतर हा मायदेशी परतला आणि खेळायला लागला कुणाकडून? पार्टिझानकडून! रेड स्टारच्या कट्टर समर्थकांचं डोकं फिरलं. त्यातच ८ ऑक्टोबरला सर्बिया बेलग्रेडमध्येच एस्टोनियाकडून ३-१ असा हरला. चारच दिवसांनी इटलीतल्या जिनोआ शहरात सामना होता. मैदानावर जाताना सर्बियाच्या बसवर हल्ला झाला. तो कुणी केला? सर्बियाच्याच लोकांनी! सगळा रोख स्टोयकोविचवर. बिचाऱ्यानं आसरा घेतला तो इटलीच्या खेळाडूंच्या खोलीत. प्रतिस्पर्ध्यांच्या, म्हणजे बघा! त्याच्याऐवजी गोलमध्ये ब्र्किच उभा राहिला. तरी जळत्या मशाली मैदानात पडतच राहिल्या. सहा-सात मिनिटांत पंचांनी खेळ थांबवला आणि नंतर इटलीला ३-० असा विजय बहाल झाला.

म्हणजे जूनमध्ये ज्याच्यासाठी देश नाचला, त्यालाच ऑक्टोबरमध्ये आपल्याच माणसांपासून लपावं लागलं. मला विचाराल, तर क्लब बदलणं हा काही गुन्हा नव्हे. पोटापाण्यासाठी तुमचे बाबासुद्धा कंपनी बदलतात की!

तो खेळत राहिला, तेही पार्टिझानकडूनच. २०११, २०१२, २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षं लीग जिंकली. पुढे ग्रीस, इस्रायल, इंग्लंड, पुन्हा पार्टिझान. २०१८ च्या रशियातल्या विश्वचषकात सर्बियाच्या तिन्ही सामन्यांत गोलमध्ये तोच होता. नंतर सौदी अरेबियातल्या अल-फैहा या छोट्या क्लबनं त्याला घेतलं. मे २०२२ मध्ये किंग्ज कपची अंतिम लढत, समोर बलाढ्य अल-हिलाल. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टींवर गेला. अल-फैहा ३-१ नं जिंकलं. क्लबचा हा पहिलाच मोठा कप.

गोलमधल्या माणसाचं वय तेव्हा ३८ होतं.