डीपीचाही रोजमेळ हवा

कापडाच्या धंद्यात रोजमेळ जुळल्याशिवाय गल्ल्याला कुलूप लागत नाही. पण ज्या विजेवर आपली दुकाने आणि कारागिरांच्या मशिनी चालतात, तिचा गल्लीतला हिशेब कोण ठेवतो? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही.

मागे ऐन लग्नसराईत आमचे काम करणाऱ्या एका कारागिराच्या भरतकामाच्या मशिनचे कार्ड जळाले. कोणी म्हणे दाब वाढला, कोणी म्हणे वायरिंग जुने. दोष कोणाचा हे आजवर ठरले नाही, कारण त्या दुपारच्या व्होल्टेजची नोंदच नव्हती. नुकसान मात्र त्या गरिबाने सोसले.

आता प्रश्न अधिक गंभीर होत आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घरगुती 3 किलोवॅटच्या संचाला 78 हजार रुपये अनुदान ठरले. विजेवरची वाहनेही वाढली. दुपारी वापर कमी असला की छतावरची जास्तीची वीज उलट लाईनवर येते आणि दाब चढतो. मर्यादेबाहेर गेला की सौर संचाचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. ऊन फुकट जाते. संध्याकाळी वाहने आणि एसी एकदम लागतात, दाब उतरतो, मोटार जास्त करंट ओढून तापते. तार तीच, डीपी तीच.

घरगुती व लहान जोडणीसाठी चढउताराची मर्यादा 6 टक्के आहे. 230 व्होल्ट धरले तर 216 ते 244. पण मोजलेच नाही तर मर्यादेचा उपयोग काय? राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या नियमांनी एका डीपीवर तिच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांपर्यंत सौर जोडण्यांना वाव दिला. कोणत्या डीपीला आणखी झेपेल, कोणती आधीच थकली आहे, हे मिनिटामिनिटाच्या नोंदीवरूनच कळेल.

हे अशक्य नाही. पुण्याच्याच ‘प्रयास’ ऊर्जा गटाने साध्या सॉकेटला यंत्र लावून दर मिनिटाचे व्होल्टेज नोंदवण्याचा उपक्रम राबवला आणि त्या नोंदी लोकांसमोर ठेवल्या. केंद्राच्या 2021 च्या सुधारित वितरण योजनेतही डीपीवर मीटर बसवण्याची तरतूद आहे.

खर्च शेवटी आपल्याच बिलात येईल, ही शंका रास्त आहे. पण एक मीटर अनेक जोडण्यांचा हिशेब देतो. म्हणून भवानी पेठ, नाना पेठ, कॅम्प अशा दाट वस्तीपासून सुरुवात व्हावी, आणि नोंद कार्यालयात न राहता ग्राहकाला पाहता यावी.

आपलेही चुकते. मंजूर भार 3 किलोवॅट आणि मशिनी 7 च्या, असे किती कारखाने आहेत! खोट्या वहीवर खरा हिशेब मागता येत नाही. व्यापारी बंधूंनी आधी आपला भार खरा नोंदवावा, मग गल्लीच्या वतीने एकत्र अर्ज द्यावा. एकट्याची तक्रार फाईलमध्ये राहते. नोंदीसह आलेल्या गल्लीला उत्तर द्यावे लागते.