फुकट प्रणालीची किंमत

लिनक्ससारख्या मुक्त संगणकप्रणालीला परवानाशुल्क नाही, म्हणून ती फुकट पडते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तिच्यावर वायफाय चालायचे तर त्या चिपचा ड्रायव्हर हवा. आणि तो लिहिण्यास लागणारा तपशील अनेक उत्पादक दडवीत आले. ब्रॉडकॉमसारख्या बड्या कंपनीने खुला ड्रायव्हर दिला तो २०१० साली. माणिकगड पहाडावरील जिवतीत शाळेचा संगणक असा अडला, तर ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर! हा भुर्दंड जमाखर्चात दिसत नाही. तो शिक्षक-विद्यार्थ्यांच्या वेळातून वसूल होतो. एकट्या ग्राहकाला उत्पादक जुमानणार नाही; ठोक खरेदी करणाऱ्या शासनाला जुमानील. सी-डॅकने ‘बॉस’ प्रणाली २००७ सालीच दिली. तिच्यावर खुल्या ड्रायव्हरने न चालणारी चिप घेणार नाही, एवढी अट शासनाने निविदेत घालावी.