पाडव्याच्या आत मस्कत

ठाण्यातल्या एका स्वयंपाकघरात सध्या एकाच खिळ्याला दोन कॅलेंडरं लटकली आहेत. एक नेहमीचं, पानांमागे पाककृती छापलेलं. दुसरं घरच्या बाईंनी हातानं आखलेलं: 2027चे फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल. हिरव्या पेनानं रमझान, लाल पेनानं ऊन, गुलाबीनं गुलाब. गृहस्थ एका खासगी कंपनीत हिशेब बघतात, म्हणून काळा रंग त्यांचा, मार्च एन्डचा. एवढं रंगवून जे पांढरं उरेल, त्यात मस्कत बसवायचं आहे.

मुंबईहून मस्कत विमानानं तीन तासांच्या आत. गणपतीला कोकणात निघालेल्या माणसाचा एवढा वेळ पेणच्या अलीकडेच जातो. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे करायचं. इतकं जवळचं गाव ठरवायला दोन महिने का लागावेत, असा प्रश्न गृहस्थांनी एकदाच विचारला.

पहिलं उत्तर उन्हाचं. मस्कतचा वसंत आपल्या फाल्गुनाइतकाही निवांत नसतो. मार्चमध्ये दुपारचा पारा तिशीच्या आसपास, एप्रिलमध्ये पस्तिशीकडे, आणि मे उजाडला की चाळिशी. त्यात समुद्राची दमट हवा, म्हणजे रात्रही सुटका देत नाही. मस्कतच्या आग्नेयेला किनाऱ्यावरच असलेल्या कुरियात गावी 26 जून 2018 रोजी रात्रीचं किमान तापमान 42.6 अंश नोंदलं गेलं. किमान! हा आकडा ऐकल्यावर ‘मेच्या सुट्टीत जाऊ’ हा प्रस्ताव चर्चेविना फेटाळला गेला.

गृहस्थांची दुसरी सूचना सलालाची होती. दक्षिणेकडच्या या शहरावर जून ते सप्टेंबर मोसमी ढग उतरतात, डोंगर हिरवे होतात आणि अख्ख्या आखातातून माणसं धुकं बघायला लोटतात. “अहो, भुरभुर पाऊस बघायला पैसे कशाला मोजायचे? माळशेजला जाऊ की,” बाई म्हणाल्या. शिवाय सलाला मस्कतपासून हजारेक किलोमीटर लांब. तो विषय तिथेच मिटला.

मग हिरवा रंग. आपल्या पंचांगात साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो आणि सण ऋतूंच्या जागेवर परत आणून ठेवतो. हिजरी वर्षात ही सोय नाही. चंद्राचे बारा महिने, 354 दिवस, संपलं वर्ष. त्यामुळे रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. सध्या तो हिवाळ्याच्या अखेरीला, म्हणजे नेमका फिरायच्या दिवसांत आहे. 2027मध्ये 8 फेब्रुवारीच्या सुमाराला सुरू होऊन ईद 10 मार्चच्या आसपास येईल. चंद्रदर्शनानुसार एखादा दिवस इकडेतिकडे.

रमझानमध्ये जाऊ नये असं मुळीच नाही. इफ्तारनंतरच्या मस्कतची रौनक दिवसा सापडायची नाही. पण दिवसाउजेडी चारचौघांत खाणंपिणं ओमानमध्ये गुन्हा आहे आणि तो नियम पाहुण्यांनाही लागू आहे. बहुतेक उपाहारगृहं दिवसा बंद, कचेऱ्यांच्या वेळा आखडलेल्या. ज्या गृहस्थांना अकरा वाजता चहा मिळाला नाही तर हिशेब जुळत नाही, त्यांनी स्वतःहून तो महिना खोडला.

त्या खोडण्यात एक गोष्ट मात्र हातची गेली. महाशिवरात्र 6 मार्चला आहे, रमझान संपता संपता. जुन्या मस्कतमध्ये सुलतानांच्या अल आलम राजवाड्यापासून जवळच मोतीश्वर महादेवाचं मंदिर आहे. शिवरात्रीला तिथे हजारोंनी भाविक येतात. बाईंना ती रांग बघायची होती.

हे मंदिर तिथे आहे ते कच्छी भाटिया व्यापाऱ्यांमुळे. मांडवीहून आलेल्या या मंडळींनी खजूर, धान्य, कापड यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. 1870मध्ये सुरू झालेली खिमजी रामदास ही पेढी आजही आहे, आणि त्या घराण्यातले कनकसी खिमजी यांना सुलतानांनी ‘शेख’ हा किताब दिला होता. हिंदू माणसाला हा मान मिळणं ही साधी बाब नव्हे.

त्याहून जुनी एक गोष्ट सांगतात. राजवाड्याच्या दोन बाजूंना खडकांवर मिरानी आणि जलाली हे दोन किल्ले उभे आहेत. त्यांना आजचं रूप 1580च्या दशकात पोर्तुगिजांनी दिलं. तिथल्या एका पोर्तुगीज अधिकाऱ्याला नरोत्तम नावाच्या वाण्याच्या मुलीशी लग्न करायचं होतं. बापाने मुदत मागितली आणि मधल्या काळात किल्ल्यावरचं पाणी नासलं आहे, धान्य जुनं झालं आहे, दारू सादळली आहे असं पटवून सगळी कोठारं ‘नवा माल भरण्यासाठी’ रिकामी करवली. मग ओमानचे इमाम सुलतान बिन सैफ यांना निरोप धाडला. दंतकथेचा भाग यात बराच असणार. पण 1650मध्ये पोर्तुगीज मस्कतमधून गेले, हे खरं. आणि त्यांचा पिच्छा पुरवत मस्कतच्या अरबांनी 1674मध्ये थेट वसईवर धाड घातली, हेही. ठाण्याच्या माणसाला मस्कत परकं वाटायचं कारण नाही ते असं.

पैशांचीही ओळख जुनीच निघते. ओमानी रियालचे 1000 बैसा होतात. बैसा म्हणजे आपला पैसाच, अरबी जिभेवर ‘प’ बसत नाही म्हणून ‘ब’ झालेला. आखातात पूर्वी भारतीय रुपयाच चालायचा. त्या रुपयांतून सोन्याची चोरटी आयात फोफावली, तेव्हा 1959मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. ओमानमध्ये त्या 1970पर्यंत चालल्या. आज उलट हिशेब करावा लागतो: एक रियाल म्हणजे दोनशे रुपयांच्या वर. गृहस्थांनी त्याचा तक्ता करून मोबाईलमध्ये ठेवला आहे. “अर्ध्या रियालचा चहा म्हणजे...” असं ते मोठ्यांदा बोलू लागले की बाई मिक्सर लावतात.

गुलाबी रंगावर मात्र घरात एकमत आहे. मस्कतपासून दोन-अडीच तासांवर जबल अख्दर, म्हणजे हिरवा डोंगर. सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या सैक पठारावरच्या गावांत पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, आणि मार्चच्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत तिथे दमास्क गुलाब फुलतो. पाकळ्या पहाटे, ऊन चढायच्या आत खुडतात. पारंपरिक पद्धतीत मातीच्या भट्टीवर भांड्यात पाकळ्या शिजवतात. वाफ वर ठेवलेल्या थंड पाण्याच्या भांड्याच्या बुडाला लागून आतल्या वाटीत थेंबथेंब उतरते. असं गुलाबपाणी तपकिरी असतं आणि त्याला धुराचा वास असतो. स्टीलच्या नव्या यंत्रातलं पाणी स्वच्छ, पारदर्शक. जाणकार धुराचंच मागतात. ते कहव्यात पडतं, ओमानी हलव्यातही पडतं. (कहवा पुरे झाला की रिकामा पेला हातात हलवायचा. नुसतं ‘नको नको’ म्हणणाऱ्याचा पेला पुन्हा भरतो.)

डोंगरावर जायला फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच लागते. पायथ्याशी, बिर्कत अल मौझजवळ पोलिसांची चौकी आहे, साधी गाडी तिथूनच परत फिरवतात. त्याच गावात फलज, म्हणजे उतारावरून पाणी वाहून आणणारा जुना पाट, बघायला मिळतो. ओमानमधले असे पाच फलज 2006पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

एप्रिलचा एक धोका बाईंनी लाल पेनानं वेगळा लिहिला आहे: वादी. एरवी कोरडी ठणठणीत असणारी ही पात्रं डोंगरात कुठे तरी पाऊस झाला की मिनिटांत भरतात. एप्रिल 2024च्या पुरात ओमानमध्ये शाळकरी मुलांसह अनेकांचे जीव गेले. आकाश भरून आलं तर वादीत उतरायचं नाही, मग दगडगोटे कितीही सुंदर असोत.

उरला वारांचा घोळ. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी. डोंगराच्या वाटेवरच्या निझव्याचा बकऱ्यांचा बाजार शुक्रवारी सकाळीच भरतो. मधल्या गोल वाटेवरून मालक बकऱ्या फिरवतात आणि कडेला बसलेले लोक भाव पुकारतात. उलट सुलतान काबूस मशीद इतर धर्मीयांना शुक्रवारी बंद, बाकीच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा उघडी. बायकांनी डोकं झाकायचं, पुरुषांनी पूर्ण लांबीची पँट. 2001मध्ये खुल्या झालेल्या या मशिदीतला 70 बाय 60 मीटरचा गालिचा इराणी बायकांनी चार वर्षं विणला. बांधकामाचा तीन लाख टन वालुकाश्म मात्र भारतातून गेलेला.

शेवटी पांढरं उरलं ते एवढंच. गुरुवार, 1 एप्रिल: मार्च एन्ड आटोपून दुपारचं विमान, मुक्काम थेट निझव्याला. शुक्रवारी बकऱ्या, मग डोंगर. शनिवारी पहाटे गुलाब. रविवारी मशीद, संध्याकाळी मत्रहच्या बाजारात लोबान. सोमवारी जुनं मस्कत आणि मोतीश्वर. शिवरात्र नाही तर नाही, वार तरी महादेवाचा. मंगळवारी परत, कारण बुधवारी 7 एप्रिलला पाडवा आहे आणि गुढी उभारायला घरात दुसरं कोणी नाही.

“अगं, एक दिवस वाढवला असता तर समुद्रात डॉल्फिन...” गृहस्थांनी सुरुवात केली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. गुलाबपाण्याच्या बाटल्या चेक-इनच्या बॅगेत टाकाव्या लागणार, तेव्हा जाताना ती बॅग अर्धी रिकामी हवी, असं त्यांनी सांगितलं आणि गृहस्थांच्या यादीतला तिसरा स्वेटर खोडला.