भोगवटादार कोण?

तिरोडा तालुक्यातल्या कुठल्याही गावाचा सातबारा आज मोबाइलवर पाहता येतो. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडायचे; गट क्रमांक माहीत नसेल तर नुसत्या नावावरूनही शोध घेता येतो. पाहण्याला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो. याच कागदासाठी बाईला पटवाऱ्याच्या दारात चकरा माराव्या लागत आणि ‘घरच्या माणसाला पाठव’ हे ऐकून परतावे लागे. तेव्हा या सोयीचे स्वागतच केले पाहिजे.

पण उघडलेल्या उताऱ्यात दिसते काय? सातबाऱ्यावर ‘भोगवटादार’ असा रकाना असतो. धानाचे पऱ्हे उपटणारी, रोवणीला दिवसभर चिखलात वाकून उभी राहणारी, निंदण काढणारी बाईच असते. त्या रकान्यात मात्र बहुधा नवरा, सासरा, दीर, नाहीतर भाऊ असतो. तिचे नाव आलेच तर पुष्कळदा ‘इतर अधिकार’ या रकान्यात येते. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतला हिस्सा यांच्या रांगेत घरची विधवा!

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. पीककर्ज सातबारा पाहून मिळते. आधारभूत धान खरेदी केंद्रावरची नोंदणीही सातबाऱ्यावरच होते आणि पैसा नोंद असलेल्याच्या खात्यात जातो. म्हणजे रकान्यात नाव नसलेली बाई राबते शेतकरी म्हणून, पण सरकारच्या लेखी ती शेतकरी नसते.

नाव गळते कुठे, हे समजून घेतले पाहिजे. खातेदार वारला की वारसांची यादी घरातलीच माणसे देतात. त्या यादीवरून फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग नोंद प्रमाणित होते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंध असलेल्यांना कळवायचे असते. पण ज्या लेकीचे नाव यादीतच घातले नाही, तिला कळवणार कोण? ती सासरी, नोटीस माहेरच्या चावडीवर. पुढे कलम १५७ आडवे येते: प्रमाणित झालेली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते. ती खोटी ठरवण्याचे ओझे मग बाईवर. वकील, तारखा, एस.टी.चे भाडे आणि माहेरचा रोष, सगळे तिनेच सोसायचे.

कायदा तिच्या बाजूने नाही असे नाही. हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून विधवा, मुलगा आणि मुलगी एकाच श्रेणीचे वारस आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला जन्मतः हिस्सा दिला. त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आदिवासी भगिनींना हा कायदा लागू नाही. पण छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचाही समान वाटा मान्य केला. तरीही लुगडे-चोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेणे चालूच आहे. भावाने हिस्सा घेतला तर तो वारस, बहिणीने मागितला तर ती लोभी, हा कुठला न्याय?

काही जण म्हणतात, ‘आता सगळे ऑनलाइन आहे, बायकांनी बघावे की!’ बघावे खरे. पण फोन कुणाच्या हातात असतो? गट क्रमांक तिला कुणी सांगितलेला असतो? नावाने शोधावे तर माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. शिवाय ती राहते ते गावठाणातले घर सातबाऱ्यावर नसतेच. त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. त्यात पतीबरोबर पत्नीचेही नाव लावावे असे शासनाने २००३ मध्येच सांगितले आहे. आता स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके निघत आहेत. जुन्या नोंदीतली पुरुषांचीच नावे नव्या पत्रकावर उतरली, तर अन्याय फक्त संगणकावर चढेल.

आणखी एक गोष्ट. नोंद सगळ्यांना दिसते, म्हणजे जमिनीच्या दलालाला दिसते, तशी छळ करणाऱ्या नवऱ्यालाही दिसते. पण म्हणून दार लावून घ्या असे मी म्हणणार नाही. बंद दप्तराचा फायदा आजवर बाईला कधीच झालेला नाही. घर नवऱ्याच्या नावावर नाही, सासऱ्याच्या आहे, असे उताऱ्यात दिसले तरी तिने घाबरू नये. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ ने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे आणि असे घर सासऱ्याच्या मालकीचेही असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केले आहे.

मागणी साधी आहे. वारस फेरफारात प्रत्येक मुलीला आणि विधवेला तिच्या स्वतःच्या पत्त्यावर व फोनवर नोटीस गेल्याशिवाय नोंद प्रमाणित होऊ नये. विधवेचे नाव भोगवटादाराच्याच रकान्यात लागावे. हक्कसोडपत्रापूर्वी, घरच्यांना बाहेर ठेवून, ती काय सोडते आहे हे तिला वाचून दाखवावे.

सरकार हे करेल तेव्हा करेल. मैत्रिणींनो, तोवर बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की अर्धा तास उतारे वाचायला बसू या. ‘आपली चावडी’वर आपल्या माहेरच्या आणि सासरच्या गावचे प्रलंबित फेरफार दिसतात, हरकतीची शेवटची तारीखही दिसते. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला, त्याचे कौतुक झाले. आज आपल्याला दान नको, आहे तो हिस्सा रकान्यात लिहिलेला हवा. उतारा पाहणे ही त्याची सुरुवात आहे, आणि ती पंधरा दिवस सरायच्या आत व्हायला हवी.