रिकामी खुर्ची कोणाची?



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी विहारात वंदना आटोपली, मंडळी उठू लागली, तोच मागच्या रांगेतील एक मावशी उभ्या राहिल्या. शेतमजुरी करणाऱ्या, चारचौघांत कधी तोंड न उघडणाऱ्या. त्यांच्या लेकीला रात्री कळा सुरू झाल्या. गावच्या उपकेंद्राला कुलूप. अकरा किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाहीत. तिथल्या नर्सबाईंनी 'तालुक्याला न्या' म्हणून सांगितले. तालुक्याच्या वाटेवर जीपमध्येच बाळंतपण झाले. बाळ निळे पडले होते. खासगी दवाखान्यात आठ दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. बाळ वाचले, पण घरातल्या दोन्ही शेळ्या विकाव्या लागल्या आणि वर व्याजाने पैसे काढावे लागले.

मावशी शेवटी एवढेच म्हणाल्या, "दादा, दवाखाना सरकारचा हाय ना? मग रातीला तो कोणाचा असतो?"

हे ऐकून एका बापाला धीर आला. त्याचा मुलगा चौथीत. गुरुजी साडेअकराला येतात, महिन्यातून कित्येक दिवस येतच नाहीत, आणि आले की पट्टीने मारतात, असे त्याने सांगितले. तरुण पोरे भडकली. कोणी म्हणाला, शाळेला टाळे ठोकू. कोणी म्हणाला, डॉक्टरला काळे फासू. पोरांचा राग खोटा नव्हता. तरीही आम्ही त्यांना बसवले. का बसवले, ते सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

नांदेडची गोष्ट आठवा. २०२३ च्या सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात अर्भके होती. महाराष्ट्र हादरला. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. आणि लोकप्रतिनिधींनी काय केले? एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करवून घेतले, तेही कॅमेऱ्यासमोर. पुढे त्या खासदारावर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

आम्ही विचारतो, त्या झाडूने एक तरी पाळणा वाचला का? औषधे किती होती, किती पदे भरलेली होती, खाटा किती आणि रुग्ण किती, खरेदी का रखडली, हे प्रश्न वर मंत्रालयापर्यंत जाणारे होते. झाडूची बातमी झाली आणि हे प्रश्न मागे पडले. शिवाय शौचालय साफ करणे ही शिक्षा ठरते, ती ज्या समाजरचनेत, त्या रचनेने आपल्या कैक पिढ्यांना काय दिले हे आपल्याला कोणी सांगायला नको. माणसाची बेअब्रू करणे म्हणजे जाब विचारणे नव्हे. पट्टी मारणारा गुरुजी जे मुलाशी करतो, तेच आपण गुरुजीशी केले तर फरक काय राहिला?

मग जाब विचारायचा कसा? आम्ही स्वतः कचेरीत कारकून आहोत. या धंद्यात राहून एक गोष्ट पक्की कळली आहे. तोंडी तक्रार ही तक्रारच नसते. साहेब ऐकून घेतात, चहा पाजतात, 'बघतो' म्हणतात. पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का पडला की तोच कागद त्यांच्या टेबलावर जाऊन बसतो आणि उत्तर मागतो. २००५ च्या राज्य कायद्याप्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याने आपल्याकडची नस्ती साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ अडवून ठेवायची नाही. हे आमच्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक असते. बाहेर कोणाला ठाऊक नसते, म्हणून चालते.

आम्ही त्याच रात्री दोन अर्ज लिहिले. माहितीच्या अधिकाराचे, दहा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. (दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही.) आरोग्य केंद्राला विचारले : मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून, त्या रात्री ड्यूटी कोणाची होती? शाळेबाबत विचारले : तीन महिन्यांचे शिक्षक हजेरीपत्रक आणि हालचाल नोंदवही यांच्या नकला द्या. अर्जांवर मावशींचा अंगठा आणि त्या बापाची सही.

तीस दिवसांची मुदत. उत्तर एकतिसाव्या दिवशी आले नाही. अपील केले, मग आले. त्यात काय निघाले? वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे दोन, त्यातले एक दीड वर्ष रिकामे. दुसरे डॉक्टर त्या दिवशी जिल्ह्याच्या बैठकीला. गावच्या नर्सबाईंकडे दोन उपकेंद्रांचा कारभार, त्या रात्री त्या दुसऱ्या गावी बाळंतपणातच होत्या. ज्यांना काळे फासायला पोरे निघाली होती, त्यांची खुर्ची नव्हे, शासनाने न भरलेली खुर्ची रिकामी होती.

गुरुजींचे मात्र निराळे निघाले. काही दिवस ते मतदार यादीच्या कामावर होते. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या कामांना मुभा देतो, तेव्हा ते दिवस त्यांच्या नावावर टाकता येत नाहीत. पण नऊ दिवस असे, की हजेरीपत्रकात सही आहे, हालचाल नोंदवही कोरी आहे आणि गावात गुरुजी कोणी पाहिलेले नाहीत. ही चूक त्यांची आणि पुरती त्यांची.

याच कायद्याचे २४ वे कलम शिक्षकाने नियमित व वेळेवर यावे असे सांगते. कसूर झाल्यास सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई, पण आधी म्हणणे मांडण्याची संधी देऊन. १७ वे कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई करते. आम्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे निलंबन मागितले नाही, हे ऐकून पोरे नाराज झाली. निलंबित गुरुजी निर्वाह भत्त्यावर घरी बसतात, वर्गाला बदली शिक्षक लवकर मिळत नाही, आणि शिक्षा भोगतात ती पोरे. आम्ही मागितली ती चौकशी. कारणे दाखवा नोटीस निघाली. गुरुजी आता साडेदहाला हजर असतात. पट्टी बंद झाली. त्या नऊ दिवसांच्या पगाराचा निकाल अजून लागायचा आहे, आम्ही पाठपुरावा सोडलेला नाही.

आता थोडे आपल्याकडेही बघू. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी, असे कायदा म्हणतो. आपल्या गावच्या समितीत आपल्या वस्तीतल्या दोन भगिनी होत्या. आम्ही विचारले, बैठक कधी झाली? त्या म्हणाल्या, "मुख्याध्यापक वही घरी पाठवतात, आम्ही सही करतो." म्हणजे त्या नऊ खोट्या दिवसांवर आपल्याही सह्या होत्या!

दुसरे असे. सरकारी नोकर सगळेच चोर, सरकारी शाळा-दवाखाने बंद करा, असे म्हणणारे आज पुष्कळ आहेत. त्यांच्या सुरात आपण सूर मिसळू नये. २००२-०३ मध्ये देशातल्या वीस राज्यांत न कळवता शाळा तपासल्या गेल्या, तेव्हा चारांतला एक शिक्षक गैरहजर आढळला. पण महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी, साधारण १५ टक्के होते. म्हणजे बहुसंख्य शिक्षक कामावर होते. त्याच पाहणीत सुमारे तीन हजार सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांपैकी फक्त एकाने, वारंवार गैरहजर राहणाऱ्या शिक्षकाला बडतर्फ केल्याचे सांगितले. कामसू आणि कामचुकार यांना एकच वागणूक मिळते, दुखणे तिथे आहे. आणि ती रिक्त पदे? त्यात आपल्या मुलांच्या राखीव जागाही अडकून पडल्या आहेत, हे विसरू नका.

पैसा नाही, ही सबब शासनाला चालत नाही. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला जागा नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि आर्थिक अडचण दाखवून राज्याला हे कर्तव्य टाळता येणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. आपल्या राज्यातही १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. पण कुलूप लावलेल्या दारामागचा निःशुल्क उपचार मावशींच्या काय कामाचा?

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना काय केले होते? सरकार माणशी शिक्षणावर किती खर्चते आणि माणशी दारूच्या करातून किती कमावते, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. शिवी नाही, आरडाओरडा नाही. सरकारचाच हिशेब सरकारपुढे मांडला. वाणिज्य शाखेचे चार धडे शिकलेल्या आम्हाला याहून मोठा धडा कुठे मिळाला नाही.

हे काम एकट्याचेही नव्हे. २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल असा शेरा द्यायचा आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर तो वाचायचा. हे शेरे देणारी माणसे आपल्यासारखीच होती.

म्हणून प्रत्येक विहारात आम्ही एक वही मागतो. दवाखाना कोणत्या दिवशी बंद, कोणते औषध बाहेरून आणावे लागले, शाळेत कोण कधी आले नाही, हे तारीखवार लिहा. समितीतील भगिनींनी बैठकीशिवाय सही करू नये. आणि अर्ज देताना आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, समोर बसलेला कारकून आपल्यातला असला तरीही!

आमच्या आरोग्य केंद्रात आता रात्रीच्या ड्यूटीचे नाव फळ्यावर लिहिले जाते. दुसऱ्या डॉक्टरची खुर्ची मात्र हा मजकूर लिहीपर्यंत रिकामीच आहे. जिल्हा परिषदेकडे तिसरे स्मरणपत्र या आठवड्यात जाईल. पहिला अंगठा मावशींचाच आहे.

जयभीम!